बोलपटाची उलटतपासणी

महाविद्यालयातील विज्ञानाचे पाठ्यपुस्तक उघडले, तर मनुष्यजातीने पिढ्यान्‌पिढ्या झगडून मिळवलेले ज्ञान त्यात एकेका वाक्यात आटोपलेले आढळते. अमुक साली अमुक संशोधकाने अमुक गोष्टीचा शोध लावला, हे ते वाक्य. तो शोध लागण्यापूर्वी विद्वान मंडळी कोणत्या चुकीच्या मताला चिकटून बसली होती, शोधकर्त्याने किती वाटा चोखाळून सोडून दिल्या, कोणाचे श्रेय कोणाच्या पदरात पडले आणि अखेर कोणत्या पुराव्यावर जगाने मान डोलावली, यांपैकी कशाचाही मागमूस त्या वाक्यात उरत नाही. पाठ्यपुस्तकाला याचा दोष देता येत नाही, कारण थोड्या पृष्ठांत पुष्कळ विषय कोंबणे त्याला भागच असते. परंतु तीन वर्षे केवळ निष्कर्षच पाठ करीत राहिलेल्या विद्यार्थ्याची अशी समजूत होऊन बसते, की विज्ञान म्हणजे पूर्वसूरींनी सिद्ध करून ठेवलेल्या सत्यांचा संग्रह असून तो जसाच्या तसा उत्तरपत्रिकेत उतरवणे एवढेच आपले कर्तव्य आहे. ही समजूत घालवण्याची साधने प्राध्यापकाच्या हाती फार थोडी असतात. शास्त्रीय शोधांवरील बोलपट हे त्यांपैकी एक साधन आहे, आणि माझ्या मते ते आपल्या महाविद्यालयांत आज वापरले जाते त्याहून अधिक वेळा, आणि अगदी निराळ्या रीतीने, वापरले गेले पाहिजे.

आज असा बोलपट वर्गात येतो तो बहुधा सत्राच्या अखेरीस, अभ्यासक्रम उरकल्यानंतर, थोडा विसावा म्हणून. दिवे मालवले जातात, पडद्यावर एक प्रतिभावान पुरुष अज्ञानी जगाशी झुंजतो व विजयी होतो, दिवे पुन्हा लागतात आणि मंडळी भारावून घरी जातात. भारावणे वाईट नाही. कोवळ्या वयात एखाद्या संशोधकाच्या चरित्राने मन पेटून उठावे यासारखे भाग्य विरळा. पण भारावलेला विद्यार्थी प्रश्न विचारीत नाही, आणि प्रश्न विचारण्याची सवय लावणे हाच तर विज्ञानाच्या अध्यापनाचा हेतू आहे. म्हणून माझे म्हणणे असे, की बोलपटाला वर्गात साक्षीदार म्हणून उभे करावे: त्याची जबानी आदराने ऐकावी, मग मूळ कागदपत्रे पुढे ठेवून त्याची उलटतपासणी घ्यावी, आणि जेथे जबानी व दप्तर यांचा मेळ बसत नाही तेथे थांबून, तो का बसत नाही, याचा शोध विद्यार्थ्यांकडूनच करवावा.

या विचाराची मुळे जुनी आहेत. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट हे स्वतः नामांकित रसायनशास्त्रज्ञ होते. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑन अंडरस्टँडिंग सायन्स’ या पुस्तकात त्यांनी असा आग्रह धरला, की ज्यांना पुढे विज्ञानाचा व्यवसाय करावयाचा नाही अशा विद्यार्थ्यांनाही विज्ञान कसे घडते हे कळले पाहिजे, आणि त्यासाठी त्यांना जुन्या काळातील एखाद्या शोधाची समग्र हकीगत, तीतील चुकांसह, अभ्यासावयास द्यावी. त्यांच्या या वर्गाला साहाय्य करणारा टॉमस कून हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ अशा हकीगती वाचता वाचताच विज्ञानाच्या इतिहासाकडे ओढला गेला. कॉनंट यांनी जे छापील कागदावर केले, त्याला आज पडद्याची जोड देता येते.

आपल्या देशात तर चलच्चित्राच्या आरंभीच वनस्पतिशास्त्राचा एक धडा आहे. दादासाहेब फाळके यांनी विलायतेहून कॅमेरा आणल्यावर, ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत रुजणाऱ्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अंतराने टिपून एक लहानशी चित्रफीत तयार केली. कित्येक दिवसांची वाढ त्या फितीत डोळ्यांदेखत घडे. मधला काळ गाळून टाकण्याची जी किमया फाळक्यांनी वाटाण्यावर केली, तीच शोधांवरील प्रत्येक बोलपट संशोधकाच्या आयुष्यावर करतो. फरक इतकाच, की रोपाच्या वाढीत गाळलेला काळ गाळल्याचे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि संशोधकाच्या आयुष्यात काय गाळले हे त्याला कोणी सांगत नाही. ते सांगणे प्राध्यापकाचे काम आहे.

या कामाला सर्वांत योग्य असा जो बोलपट मला वाटतो, तो बीबीसीने १९८७ साली निर्माण केलेला ‘लाइफ स्टोरी’ होय. सुमारे पावणेदोन तासांच्या या चित्रपटाचे दिग्दर्शन मिक जॅक्सन यांचे असून जेफ गोल्डब्लम यांनी त्यात जेम्स वॉटसनची, टिम पिगॉट-स्मिथ यांनी फ्रान्सिस क्रिकची, ॲलन हॉवर्ड यांनी मॉरिस विल्किन्सची आणि ज्यूलिएट स्टीव्हन्सन यांनी रोझालिंड फ्रँकलिनची भूमिका केली आहे. विषय आहे आनुवंशिकतेचे द्रव्य जे डीएनए, त्याच्या रचनेचा शोध. केंब्रिजमधील वॉटसन व क्रिक यांचा भर तर्क करून प्रतिकृती उभारण्यावर होता. लंडनच्या किंग्ज महाविद्यालयात फ्रँकलिन व विल्किन्स डीएनएच्या तंतूंची क्ष-किरणांनी छायाचित्रे घेत होते, आणि या दोघांचे एकमेकांशी पटत नव्हते. या चौघांपैकी कोणीही खलपुरुष नाही आणि कोणीही देवदूत नाही, हे या बोलपटाचे मोठेपण आहे.

तो सलग दाखवू नये असे मी आग्रहाने सांगेन. १९५१ च्या अखेरीस वॉटसन व क्रिक यांनी पहिली प्रतिकृती उभारली ती तीन साखळ्यांची होती, आणि फॉस्फेटचे गट त्यांनी आतल्या बाजूस, कण्यासारखे, ठेवले होते. लंडनहून आलेल्या फ्रँकलिनने ती पाहताच तिच्यातील दोष उघड केले. या ठिकाणी पडदा थांबवून विद्यार्थ्यांना विचारावे, की दोष कोणता असेल. ज्यांनी बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र मन लावून केले आहे त्यांना हे अवघड नाही: फॉस्फेटच्या गटांवर ऋणभार असतो, ऋणभार परस्परांना दूर लोटतात, आणि त्यांना एकत्र बांधण्यासाठी कल्पिलेले धातूचे आयन पाण्याच्या रेणूंनी वेढलेले असल्यामुळे ते काम करू शकत नाहीत. वॉटसनने फ्रँकलिनचे व्याख्यान ऐकताना टिपणे घेतली नव्हती व पाण्याचे प्रमाण चुकीचे ध्यानात ठेवले होते. त्या फजितीनंतर प्रयोगशाळेचे प्रमुख सर लॉरेन्स ब्रॅग यांनी दोघांना डीएनएचे काम थांबवण्याचा हुकूम दिला. पुढे १९५३ च्या आरंभी लायनस पॉलिंग यांनी, त्या काळच्या अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञाने, जवळजवळ तीच चूक केली; त्यांच्या तीन साखळ्यांच्या रचनेत फॉस्फेटवरील हायड्रोजन सुटतच नव्हते, म्हणजे ज्याला आम्ल म्हणावयाचे ते आम्लच उरत नव्हते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दाखवता येईल अशी चूक एवढ्या मोठ्या मनुष्याच्या हातून होऊ शकते, हे ज्याने एकदा स्वतः पडताळून पाहिले त्याच्या मनातील थोरांविषयीचा आदर कमी होत नाही. पण त्या आदरातील भीती मात्र नाहीशी होते.

दुसरा थांबा ‘छायाचित्र ५१’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रापाशी घ्यावा. फ्रँकलिनच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्याने ते मे १९५२ मध्ये घेतले, आणि जानेवारी १९५३ मध्ये विल्किन्सने ते, फ्रँकलिनच्या अपरोक्ष, वॉटसनला दाखवले. बोलपटात हा क्षण उत्कंठेचा आहे. पण पडद्यावर दिसणाऱ्या त्या काळ्या फुलीत पाहणाऱ्याला एवढे काय दिसले, हे सामान्य प्रेक्षकाला कळण्याचा मार्ग नाही. येथे प्राध्यापकाने बॉलपेनमधील बारीक स्प्रिंग आणि खिशात मावणारा लेसर हाताशी ठेवावा. स्प्रिंगवर झोत सोडला, की समोरच्या भिंतीवर तशीच फुली उमटते. वेटोळ्याचा नागमोडी आकार प्रकाशाला दोन तिरप्या दिशांनी विखुरतो, आणि वेटोळ्यांमधील अंतर जितके कमी तितके भिंतीवरील ठिपके दूरदूर पडतात. डीएनएच्या तंतूवर क्ष-किरणांचा झोत पडला तेव्हा हेच घडले. फुली होती म्हणून रेणू मळसूत्राच्या आकाराचा. ठिपक्यांच्या ओळींमधील अंतरावरून मळसूत्राचा एक फेरा ३४ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). आणि फुलीच्या वरखाली, दहाव्या ओळीवर, उमटलेल्या गडद कमानींवरून एकावर एक रचलेल्या घटकांमधील अंतर ३.४ अँगस्ट्रॉमचे, म्हणजे एका फेऱ्यात दहा घटक. एवढे अनुमान वर्गातल्या वर्गात, फूटपट्टी घेऊन, करता येते. बोलपटाने उत्सुकता जागवावी आणि स्प्रिंगने ती शमवावी, असा हा मेळ आहे.

तिसरा थांबा चार पायाभूत रेणूंच्या जोड्यांचा. एर्विन चारगाफ यांनी दाखवून दिले होते, की डीएनएमध्ये ॲडिनीन व थायमीन यांचे प्रमाण सारखे असते, आणि ग्वानीन व सायटोसीन यांचेही. वॉटसन पुठ्ठ्याचे आकार कापून ते जुळवू पाहत होता, आणि ते जुळत नव्हते, कारण पाठ्यपुस्तकांत त्या रेणूंतील हायड्रोजनच्या जागा चुकीच्या छापलेल्या होत्या. त्याच खोलीत बसणाऱ्या जेरी डॉनह्यू या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ती चूक दाखवली, आणि २८ फेब्रुवारी १९५३ च्या सकाळी जोड्या जुळल्या. वर्गाचे दोन गट करावेत, एकाच्या हाती चुकीच्या रूपाचे पुठ्ठे द्यावेत, दुसऱ्याच्या हाती बरोबर रूपाचे, आणि कोणते कोणाकडे आहेत हे सांगू नये. पहिल्या गटाला घाम फुटल्यावर डॉनह्यूची गोष्ट सांगावी. छापील पुस्तक चुकू शकते, हे आपल्या विद्यार्थ्याला शंभर वेळा सांगून पटत नाही. हातातले पुठ्ठे जुळेनासे झाले म्हणजे पटते.

एवढी जबानी झाल्यावर उलटतपासणी सुरू करावी. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ नियतकालिकात एकापाठोपाठ तीन लेख आले: पहिला वॉटसन व क्रिक यांचा, जेमतेम एका पृष्ठाचा, दुसरा विल्किन्स, स्टोक्स व विल्सन यांचा, तिसरा फ्रँकलिन व गॉसलिंग यांचा. हे तीनही लेख विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत आणि विचारावे, की केवळ या छापील दप्तरावरून फ्रँकलिनचा वाटा किती दिसतो. मग इतर साक्षी पुढे याव्यात. वॉटसनने १९६८ साली लिहिलेल्या ‘द डबल हेलिक्स’मधील फ्रँकलिन हेकेखोर व हेटाळणीस पात्र अशी रंगवलेली आहे; त्याच वर्षी ॲरन क्लुग यांनी तिच्या प्रयोगवह्या तपासून दाखवले, की फेब्रुवारी १९५३ मध्ये ती स्वतंत्रपणे दुहेरी मळसूत्राच्या निष्कर्षापर्यंत येऊन ठेपली होती; १९७५ साली तिची मैत्रीण ॲन सेअर हिने तिची कैफियत मांडणारे चरित्र प्रसिद्ध केले; आणि हा बोलपट त्यानंतरचा. १९५८ मध्ये, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, फ्रँकलिन निवर्तली होती, आणि १९६२ चे नोबेल पारितोषिक उरलेल्या तिघांना मिळाले. तिला स्वतःला जबाब देण्याची संधी कधी मिळालीच नाही.

या क्रमात शेवटची साक्ष सर्वांत ताजी आहे. २०२३ साली, शोधाला सत्तर वर्षे झाली त्या निमित्ताने, मॅथ्यू कॉब व नॅथॅनियल कम्फर्ट या दोन अभ्यासकांनी जुनी, अप्रकाशित कागदपत्रे पाहून ‘नेचर’मध्येच असे प्रतिपादन केले, की छायाचित्र चोरून पाहिले आणि कोडे सुटले ही लोकप्रिय हकीगत अतिरंजित आहे, क्रिकच्या हाती आलेला किंग्ज महाविद्यालयाच्या कामाचा अहवाल त्या एका चित्रापेक्षा अधिक मोलाचा होता, आणि फ्रँकलिन ही लुबाडली गेलेली अबला नसून चौघांच्या कार्यातील बरोबरीची वाटेकरी होती. ज्या प्रसंगाने बोलपटात काळजाचा ठोका चुकतो, तोच प्रसंग कागदपत्रांच्या उजेडात हलका ठरतो. यावर विद्यार्थी हिरमुसले होतील अशी भीती काही प्राध्यापक व्यक्त करतात. ती निराधार आहे. दिग्दर्शकाने हा प्रसंग एवढा मोठा का केला, असे विचारताच तरुण मुले जी चर्चा करतात तिच्यात पुराव्याची जात, श्रेयाची वाटणी आणि कथनाची गरज हे तीनही विषय आपोआप येतात.

जुन्या बोलपटांत अतिरंजन याहून ठळक असते, आणि म्हणूनच ते उलटतपासणीला सोपे. १९३६ चा ‘द स्टोरी ऑफ लुई पाश्चर’ घ्या, ज्यातील भूमिकेसाठी पॉल म्युनी यांना ऑस्कर मिळाले. त्यातील मुख्य विरोधक डॉ. शार्बोने हा पटकथाकारांनी कल्पिलेला मनुष्य आहे. इतिहासात तो नाही. मात्र मेंढ्यांवरील जाहीर प्रयोग खरा आहे. मे १८८१ मध्ये पुई-ल-फोर या गावी २४ मेंढ्या, एक बकरी व सहा गुरे यांना काळपुळीची लस टोचण्यात आली, तितक्याच मेंढ्या लस न देता ठेवल्या, आणि महिनाअखेर सर्वांना रोगाचे जहाल जंतू टोचले. २ जून रोजी लोक जमले तेव्हा लस दिलेल्या मेंढ्या उभ्या होत्या आणि लस न दिलेल्या मेलेल्या वा मरणाच्या पंथास लागलेल्या होत्या. बोलपट येथे टाळ्या घेतो. परंतु पाश्चरने आपल्या प्रयोगवह्या कुटुंबाबाहेर जाऊ नयेत अशी इच्छा व्यक्त केलेली होती, आणि त्या अभ्यासकांना खुल्या झाल्यावर जेराल्ड गायसन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की त्या दिवशी वापरलेली लस पाश्चर सांगत होता त्या, हवेतील प्राणवायूने जंतू दुबळे करण्याच्या पद्धतीची नव्हती; त्याचा सहकारी शाम्बरलाँ याने पोटॅशियम बायक्रोमेट या रसायनाने तयार केलेली होती, आणि रसायनाने लस करण्याचा मार्ग तूलूझच्या तूसाँ या प्रतिस्पर्ध्याच्या मार्गाला जवळचा होता. मेंढ्या वाचल्या हे सत्य या माहितीने तसूभरही हलत नाही. हलते ते त्या सत्याविषयी दिलेले निवेदन. निष्कर्ष खरा असणे आणि तो कसा मिळाला याचे कथन प्रामाणिक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि उद्या स्वतः प्रयोगवही भरणाऱ्या विद्यार्थ्याला हा भेद समजावून देण्यास याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

१९४३ च्या ‘मादाम क्यूरी’विषयी थोडक्यात सांगता येईल. अंधाऱ्या प्रयोगशाळेत रेडियमचा निळसर प्रकाश पाहून पती-पत्नी हरखून जातात तो प्रसंग सुंदर आहे, आणि अशा रात्रींचे वर्णन मारी क्यूरीने स्वतःही केले आहे. वर्गात एवढेच विचारावे, की हा प्रकाश पाहून रसायनशास्त्रज्ञांची खात्री का पटली नाही. १८९८ मध्ये रेडियमची घोषणा झाली होती. पण कित्येक टन खनिज उकळून, गाळून, पुनःपुन्हा स्फटिक करून १९०२ मध्ये जेव्हा एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आले व त्यावरून अणुभार २२५ निघाला, तेव्हा नवे मूलद्रव्य नवे म्हणून मान्य झाले. बोलपट प्रकाशाने पटवतो, रसायनशास्त्र तराजूने.

परंतु ज्या बोलपटाकडे आपल्या महाविद्यालयांनी सर्वांत आधी वळावे असे मला मनापासून वाटते, तो परदेशातला नाही. तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा १९९० चा हिंदी चित्रपट रमापद चौधुरी यांच्या बंगाली कथेवर आधारलेला आहे. पंकज कपूर व शबाना आझमी यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. सरकारी नोकरीतील एक डॉक्टर रात्री घरच्या प्रयोगशाळेत काम करून कुष्ठरोगावरील लस शोधतो. वार्ता फुटते, वरिष्ठांचा मत्सर जागा होतो, खुलासे मागवले जातात, आडगावी बदली होते आणि अखेरीस श्रेय अमेरिकेतील दोघांकडे जाते. भाषा समजते, कचेऱ्या ओळखीच्या वाटतात, आणि त्या फायलींच्या व शेऱ्यांच्या वातावरणात आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक उद्या स्वतः नोकरी करणार आहेत.

या कथेमागे एक खरा मनुष्य आहे. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी, सुनीत मुखर्जी व सरोजकांती भट्टाचार्य या सहकाऱ्यांसह, शरीराबाहेर फलन घडवून आणलेल्या गर्भापासून एक बालिका जन्मास आणल्याचे जाहीर केले. तिचा जन्म ३ ऑक्टोबर १९७८ चा, म्हणजे इंग्लंडमधील अशा पहिल्या बालिकेनंतर सुमारे दहा आठवड्यांचा. इंग्लंडमधील एडवर्ड्स व स्टेप्टो यांनी नैसर्गिक ऋतुचक्रातील एकच बीजांड घेतले होते. मुखोपाध्याय यांनी संप्रेरके देऊन बीजांडे पक्व केली, आणि गर्भ गोठवून ठेवून पुढील ऋतुचक्रात त्याचे रोपण केले, जे पुढे जगभर रूढ झाले. पश्चिम बंगाल सरकारने चौकशीसाठी जी समिती नेमली तिच्या अध्यक्षपदी रेडिओ-भौतिकीचे तज्ज्ञ होते. समितीने दावा अमान्य केला. जपानमधील परिषदेस जाण्याची परवानगी मिळाली नाही. जून १९८१ मध्ये मुखोपाध्याय यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली, आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेस त्यांनी आपले जीवन संपवले. चित्रपटाने प्रजननशास्त्राच्या जागी कुष्ठरोग घातला आहे, आणि त्यातील डॉक्टर जिवंत राहतो.

वर्गात येथे दोन बाजू मांडल्या गेल्या पाहिजेत. बोलपट पाहून समितीवर संतापणे सोपे आहे व तो संताप अनाठायीही नाही. पण विद्यार्थ्यांना समितीच्या खुर्च्यांवर बसवावे आणि विचारावे, की तुमच्यापुढे एक असाधारण दावा आला आहे, शास्त्रीय नियतकालिकात पुरेसा तपशील छापलेला नाही, बालिकेच्या आईवडिलांना नाव उघड करावयाचे नाही. तर तुम्ही कोणाला बोलावाल, कोणती वही मागाल, कोणता प्रयोग पुन्हा करून दाखवण्यास सांगाल? ज्ञानी समिती कशी असते हे त्यांनी स्वतः ठरवावे, म्हणजे अज्ञानी समितीने काय गमावले याचा हिशेब त्यांना आपोआप लागेल.

या हकीगतीचा सर्वांत उदात्त प्रसंग मात्र बोलपटात नाही, कारण तो घडला तेव्हा बोलपट येऊन सात वर्षे झाली होती, आणि त्याचा संबंध थेट मुंबईशी आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेली बालिका भारतातील पहिली परीक्षानलिका बालिका म्हणून मान्यता पावली होती, आणि त्या कार्यातील शास्त्रज्ञ होते डॉ. टी. सी. आनंदकुमार. १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांच्या मागे उरलेली हस्तलिखित टिपणे आनंदकुमार यांच्या पाहण्यात आली. ती अभ्यासल्यावर त्यांची खात्री झाली, आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःच्या नावाने लिहून टाकले, की हे श्रेय माझे नव्हे, मुखोपाध्याय यांचे आहे. ज्याच्या हाती मान होता त्यानेच तो कागदपत्र वाचून परत केला. बोलपट दाखवल्यानंतरच्या तासाला हा लेख वाचून दाखवला पाहिजे. तो न वाचता वर्ग सोडला, तर विद्यार्थी केवळ कटुता घेऊन बाहेर पडतील, आणि तीही अपुऱ्या माहितीवर उभी असलेली.

व्यवहाराच्या अडचणीही आहेत. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या ५२ व्या कलमान्वये शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरता चित्रपट दाखवण्यास मोकळीक आहे, तेव्हा त्या बाबतीत संकोच करण्याचे कारण नाही. खरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या, तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलाला केंब्रिजमधील झपाट्याने बोललेले इंग्रजी कळत नाही, आणि कळत नाही हे तो लाजेने सांगत नाही. त्याला आदल्या दिवशी एका पानावर मराठीत पात्रांची ओळख, प्रसंगांचा क्रम व दहा-बारा पारिभाषिक शब्द लिहून द्यावेत, पडद्याखालची अक्षरे चालू ठेवावीत, आणि एका तासिकेत पंधरा-वीस मिनिटांहून अधिक भाग दाखवू नये. दिवे पूर्ण मालवू नयेत; टिपण घेता आले पाहिजे.

आणि हे सर्व जमल्यावर विद्यार्थ्यांना प्रेक्षकाच्या जागेवरून उठवून पटकथाकाराच्या जागेवर बसवावे. विषय शोधण्यास मुंबईबाहेर जावे लागत नाही. १८९६ मध्ये शहरात प्लेगचा कहर सुरू झाला तेव्हा वाल्देमार हाफकिन तेथे आला, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील तुटपुंज्या जागेत त्याने काही महिन्यांत लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिचा प्रयोग झाला, ज्यात लस घेतलेले व न घेतलेले कैदी यांची तुलना होती. कैद्याच्या संमतीला संमती म्हणावे काय, हा एकच प्रश्न एका तासिकेला पुरेल. पुढे परळच्या जुन्या राजभवनात प्रयोगशाळा गेली, जिला १९२५ पासून हाफकिनचे नाव आहे. मात्र मधल्या काळात, १९०२ च्या ऑक्टोबरात, पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले, आणि ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. चौकशी आयोगाने दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला, हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले, आणि बाटली उघडताना मुल्कोवाल येथील साहाय्यकाचा चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे म्हणणे ग्राह्य धरले जाऊन तो निर्दोष ठरण्यास १९०७ साल उजाडले.

वर्गाच्या एका गटाला मुल्कोवालचा प्रसंग चौकशी आयोगाच्या बाजूने लिहावयास सांगावे, दुसऱ्याला हाफकिनच्या बाजूने, आणि दोघांनाही बजावावे, की कागदोपत्री आधार नसलेली एकही गोष्ट पडद्यावर येता कामा नये. मग पहिल्याच दृश्यापाशी त्यांची गाडी अडेल: कॅमेरा मुंबईत बाटली भरली जात असताना तिच्यावर रोखावा, की पंजाबात जमिनीवर पडलेल्या चिमट्यावर, आणि तो चिमटा पडताना प्रत्यक्ष कोणी पाहिला होता?